तारामती ते आनंदीबाई : दुर्गाबाई खोटे यांची कारकीर्द



ह्या वसंत व्याख्यानमालेत बोलावे असे चालकांचे पत्र आले, तेव्हा मी विषय कळवला : दुर्गाबाई खोटे. दोन दिवसांनी एक वडीलधारे गृहस्थ भेटले आणि थोड्या संकोचाने म्हणाले, "गुरुजी, विषय चांगला आहे, पण व्याख्यानमालेत संतांवर होते, शेतीवर होते, स्वातंत्र्यलढ्यावर होते. एका नटीवर तासभर काय सांगणार?" मी त्यांना म्हटले, "आपण पुढच्या रांगेत बसा. आपल्या ह्याच प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे." ते आज पुढच्या रांगेत बसलेले दिसत आहेत. त्यांचा मी आभारी आहे, कारण व्याख्यानाची सुरुवात त्यांनीच मला मिळवून दिली.

"एका नटीवर" ह्या दोन शब्दांत आपल्या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो समजण्यासाठी आपण १९१३ सालापर्यंत मागे जाऊ. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढीत होते. हरिश्चंद्र मिळाला, विश्वामित्र मिळाला, रोहिदास तर घरातच होता. मिळेना ती तारामती. फाळक्यांनी पुष्कळ खटपट केली. ज्या स्त्रिया नाचगाण्यावर पोट भरीत होत्या, त्यांनीही पडद्यावर येण्यास नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारा तरुण, अण्णा साळुंके, लुगडे नेसून तारामती झाला. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका पुरुष होती.

रंगभूमीवरही तेच होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून सीता, द्रौपदी, शकुंतला ह्या सगळ्या पुरुषांनी रंगवल्या. भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांनी ती कला अशा उंचीला नेली की बायका त्यांचे पाहून लुगडे नेसायला शिकल्या. त्या कलावंतांचा मोठेपणा मी कमी करीत नाही. पण बाईने बाईचे सोंग घ्यायचे नाही, असा त्या काळचा दंडक होता, हेही खरेच आहे.

आता एकोणीस वर्षे पुढे या. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने तीच कथा बोलपटात आणली. व्ही. शांतारामांचा तो 'अयोध्येचा राजा'. पहिला मराठी बोलपट म्हणून तो गणला जातो. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. नकार देणाऱ्या बायकांची तारामती एकोणीस वर्षांनी एका शिकलेल्या घरंदाज बाईने केली. मधे काय घडले, आणि त्या बाईला त्याची किंमत काय पडली, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव लाड, जन्मनाव विठा. घराणे मूळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलली जाई. वडील नामांकित सॉलिसिटर होते. मुलीला त्यांनी कॅथेड्रल शाळेत घातले आणि पुढे त्या झेवियर कॉलेजात शिकल्या. त्या काळी मुलीला शाळेचे तोंड दाखवणे हीच मोठी गोष्ट होती, तिथे ही मुलगी इंग्रजी नाटके वाचीत होती. पुढे श्रीमंत खोटे घराण्यात लग्न झाले, बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. सगळे सुखाचे होते. असेच चालले असते तर आज मी इथे त्यांच्यावर बोलत नसतो, आणि आपण त्यांचे नावही ऐकले नसते.

पण लक्ष्मी चंचल असते म्हणतात, त्याचा प्रत्यय त्या घराला आला. सासरची संपत्ती गेली. पदरात दोन लहान मुले. बाई मानी होत्या, कोणाच्या दारात हात पसरणे स्वभावात नव्हते. त्यांनी प्रथम शिकवण्या केल्या. शिकवण्यांवर असे किती भागणार? अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' ह्या चित्रात एका छोट्या कामाची विचारणा आली. ती खरे म्हणजे त्यांच्या बहिणीला, शालिनीबाईंना आली होती. त्यांनी ती नाकारली आणि दुर्गाबाईंचे नाव सुचवले. साल १९३१. दुर्गाबाईंचे वय सव्वीस.

काम लहानसे होते. चित्रात पुढेमागे काय आहे ह्याची त्यांना कल्पना नव्हती. चित्र पडद्यावर आले तेव्हा ते हलक्या अभिरुचीचे निघाले, आणि जाहिरातीत ह्यांच्या माहेर-सासरच्या नावांचा डंका पिटलेला. मग काय विचारता! लोकांनी बोटे दाखवली. लाडांचे घर, खोट्यांचे घर, दोन्हीकडे नाव खाली गेले. काम केले दहा मिनिटांचे, आणि बोलणी खावी लागली दोन घराण्यांची.

मंडळी, माझ्या मते दुर्गाबाईंच्या चरित्रातला खरा कसोटीचा क्षण हा आहे. पुढची पदके, पारितोषिके पुष्कळ आहेत, ती मी सांगेनच. पण अपमान होऊन घरात बसलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या बाईकडे शांतारामबापूंचे बोलावणे आले, त्या वेळी "पुन्हा ह्या वाटेला जायचे नाही" असे म्हणणे किती सोपे होते! चारचौघांनी तिला शहाणी म्हटले असते. ती नाही म्हणाली नाही, ह्याचे कारण कलेची ओढ हे नव्हते. मुलांच्या तोंडात घास घालायचा होता. ती पोटासाठी गेली. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

त्या काळच्या बोलपटाचे काम म्हणजे काय होते, हे आजच्या तरुणांना कळणार नाही. गाणे एकाने म्हणायचे आणि ओठ दुसऱ्याने हलवायचे, ही सोय अजून यायची होती. ती १९३५ च्या सुमारास आली. तोवर नटानेच गायचे, चालता-बोलता गायचे, वादक कॅमेऱ्याच्या टापूबाहेर दडून बसायचे, आणि एक स्वर चुकला की सगळे पहिल्यापासून. दुर्गाबाई काही गाण्याच्या घराण्यातल्या नव्हत्या. टेंब्यांसारखा जाणता गवई समोर, तोच संगीतकार आणि तोच हरिश्चंद्र. त्यांच्याबरोबर त्यांनी आपली पदे आपल्या गळ्याने म्हटली. राजवाड्यातली तारामती आणि पाणी भरणारी, विकली गेलेली तारामती ह्या दोन्ही त्यांनी उभ्या केल्या. वैभव जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल. चित्र चालले, हिंदी आवृत्तीही चालली, आणि कालपर्यंत बोटे दाखवणारे लोक हात जोडू लागले.

त्याच वर्षी प्रभातने 'माया मच्छिंद्र' काढला. ही कथा आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण तिथे दर्शनाला जातात. स्त्रीराज्यात मच्छिंद्रनाथ अडकतात आणि गोरक्षनाथ गुरूला सोडवायला येतात, ही कथा आपण पोथीत ऐकलेली. त्या स्त्रीराज्याची राणी दुर्गाबाई झाल्या होत्या. पुरुषाचा वाराही न सोसणारी राणी, आणि दिमतीला खराखुरा चित्ता! सोशीक तारामतीनंतर काही महिन्यांतच ही धगधगती राणी. एकाच नमुन्याच्या भूमिकेत स्वतःला कोंडून घ्यायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलेले दिसते.

मग कलकत्त्याचे बोलावणे आले. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) मध्ये त्या मीरा झाल्या आणि 'सीता' (१९३४) मध्ये सीता. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी नट-नट्या एकेका कंपनीच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार, कंपनी सांगेल ते काम, दुसरीकडे पाऊल टाकायचे नाही. दुर्गाबाई ह्या पद्धतीतून फार लवकर बाहेर पडल्या. कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई, जिथे काम पटेल तिथे करार करून काम. पुढे 'साथी' ह्या बोलपटाची निर्मितीही त्यांनी केली. शेतकऱ्यांच्या ह्या गावात मला सांगायला नको, की दुसऱ्याच्या वावरात सालाने राबणे आणि आपल्या बोलीवर काम घेणे यांत किती फरक असतो. बोलीवर काम घेणाऱ्याला पोटाची हमी नसते, पण मान वर असते.

१९३६ चा 'अमर ज्योती' हा मला त्यांचा फार महत्त्वाचा बोलपट वाटतो. त्यात त्या सौदामिनी झाल्या आहेत. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या बाईला स्वतःच्या मुलाचा ताबा राज्याचा कायदा नाकारतो. न्याय मागायला गेली तर न्याय मिळत नाही. मग ती समुद्रावरची चाचीण होते आणि त्या राज्याशी वैर मांडते. दुर्जय मंत्री तिच्या हाती सापडतो तेव्हा ती त्याचा पाय तोडायला लावते. विचार करा, हे १९३६ साली! बाईने सोसावे म्हणजे ती मोठी, असे सांगणाऱ्या शेकडो चित्रांच्या गर्दीत ही एक बाई विचारते आहे, की पोटचे पोर माझे नाही असे सांगणारा कायदा कोणी केला? चित्राचा शेवट आजच्या विचाराला पुरता पटेल असे नाही. पण तो प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायला दुर्गाबाईंचा तो भारदस्त चेहरा आणि तो आवाज होता.

आता नटीच्या आयुष्यातला दुसरा कठीण काळ पाहू. नायिकेचे वय सरते. पुष्कळ नट्या ते मान्य करीत नाहीत. आरशाशी भांडतात. दुर्गाबाईंनी काय केले? १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी' मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्या सुनेला छळणारी सासू झाल्या! सून होत्या वनमाला. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप' मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या बाईला लोकांनी सीता म्हणून नमस्कार केला, तीच आता सीतेला वनात धाडणारी कैकेयी. ह्या दोन्ही कामांना बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संघटनेने उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे यासाठी चांगल्या बायकाच रंगवायच्या, हा मोह त्यांनी सोडला. इथे मला वाटते, पोटासाठी आलेली बाई कलेसाठी राहिली.

आणि मग रंगभूमी. पडद्यावरचे काम तुकड्यातुकड्याने होते. चुकले तर पुन्हा घेतात. रंगभूमीवर पडदा वर गेला की तीन तास कोणी वाचवायला येत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, आणि कुजबुज असली तरी ती कुजबुजच वाटली पाहिजे. पडद्यावर नाव झालेल्या बाईने ह्या अवघड वाटेला जायचे काहीच कारण नव्हते. तिथे पैसाही मोठा नव्हता. तरी दुर्गाबाई गेल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्यांनी मनापासून काम केले. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध' चा 'मा' करणारी आनंदीबाई मराठी माणसाला सांगायला नको. कैकेयीची बहीणच ती. पण कैकेयी पुराणातली, तिला दैवाचा आडोसा आहे. आनंदीबाईला तो नाही. १७७३ सालचा तो खून इतिहासातला आहे, आणि शनिवारवाडा अजून उभा आहे.

१९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' वरून 'राजमुकुट' लिहिले. नानासाहेब फाटकांसारखा सिंहाच्या आवाजाचा नट समोर, आणि नवऱ्याला राजहत्येला प्रवृत्त करणारी ती महत्त्वाकांक्षी राणी दुर्गाबाईंनी केली. झोपेत चालत येऊन हातावरचे न दिसणारे रक्त पुसण्याचा तो प्रसंग जगातल्या मोठमोठ्या नट्यांना कसोटीचा वाटत आला आहे. कॉलेजात जे इंग्रजी नाटक वाचले, ते जवळजवळ पन्नाशीला आल्यावर आपल्या मायबोलीत उभे केले. शिकलेले असे फळाला येते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक त्यांना मिळाले, ते मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी. चित्रपटात इतकी कीर्ती मिळवलेल्या बाईचा हा गौरव रंगभूमीने केला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढचे मी भराभर सांगतो, कारण ते आपल्याला माहीत आहे. १९६० चा 'मुघल-ए-आझम', त्यातली जोधाबाई. अकबर होते पृथ्वीराज कपूर, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीताच पुन्हा समोरासमोर आले, एक बादशहा म्हणून आणि दुसरी, नवरा व मुलगा यांच्यामध्ये चिरडलेली आई म्हणून. १९६८ साली पद्मश्री. १९७३ चा 'बॉबी', १९७४ चा 'बिदाई', त्यातल्या आईच्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक. दोनशेंच्या घरात चित्रपट झाले. शिवाय स्वतःची संस्था काढून त्यांनी माहितीपट केले. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका त्यांच्याच संस्थेची होती. आणि १९८३ साली त्यांना चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याचे नाव दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा मान एका तारामतीला मिळाला.

दुःखही होते. दुसरे लग्न केले, ते टिकले नाही. मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. त्याच्याशी विजया जयवंत यांचा विवाह झाला होता, ज्यांना पुढे आपण विजया मेहता म्हणून ओळखू लागलो. ह्या सगळ्याविषयी दुर्गाबाईंनी १९८२ साली 'मी, दुर्गा खोटे' ह्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ते आवर्जून वाचा. २२ सप्टेंबर १९९१ रोजी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता एक गोष्ट सांगितली नाही, तर हे व्याख्यान अपुरे राहील. दुर्गाबाईंवर लिहिताना सगळे एक वाक्य लिहितात : कुलीन घराण्यातली स्त्री चित्रपटात आली आणि चित्रपटाला प्रतिष्ठा मिळाली. हे खरे आहे, पण अर्धेच. १९१३ सालीच, 'राजा हरिश्चंद्र' नंतर काही महिन्यांत, फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. त्याही मायलेकी पोटासाठीच आल्या. त्यांच्यानंतर किती कलावंत स्त्रिया आल्या, गायल्या, नाचल्या, शिव्या खाऊन राबल्या! वाट त्यांनी पाडली. तिच्यावरून एक शिकलेली, मोठ्या घरची बाई चालत आली, तेव्हा समाजाला ती वाट दिसली. दुर्गाबाईंचा मोठेपणा ह्याने उणा होत नाही. पण प्रतिष्ठा कोणाच्या नावावर लिहायची, हे ठरवताना आपण जरा थांबले पाहिजे.

बीड जिल्ह्याला हे समजायला अवघड नाही. बाईने पोटासाठी घराबाहेर पडणे ही गोष्ट आपल्याला नवी कुठे आहे? दसरा-दिवाळीला आपल्या गावागावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. त्यात अर्धा कोयता बाईचा असतो. पहाटे भाकरी थापून ती फडात जाते, मोळ्या डोक्यावर वाहते, रात्री पोराला पाजते. तिला कोणी कुलीन म्हटले नाही, आणि तिने घर सोडले म्हणून कुळाला बट्टा लागला असेही कोणी म्हटले नाही. म्हणजे बट्टा लागतो तो कष्टाने लागत नाही. बाई चारचौघांत उभी राहिली, तिने तोंड उघडले, लोकांनी तिच्याकडे पाहिले आणि तिला नाव मिळाले, म्हणजे लागतो.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझ्या आत्याचा आवाज गोड होता. जात्यावर ओव्या म्हणायला लागली की शेजारच्या बायका काम टाकून ऐकत. तिच्या शाळेत संमेलनासाठी नाटक बसवीत होते आणि गुरुजींनी तिला सीतेचे काम दिले. घरी कळले तेव्हा आजोबांनी तिची शाळाच बंद केली. सीतेचे काम मग एका मुलाने केले. पुढे माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा आला, तेव्हा आत्या मला घेऊन गेली होती. मधे दोर बांधलेला, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. पडद्यावर दुर्गाबाई होत्या. परत येताना आत्या काही बोलली नाही. फक्त घराजवळ आल्यावर म्हणाली, "ह्या बाईला घरच्यांनी सोडलं कसं रे?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज इतके वाचून मला उत्तर ठाऊक आहे : घरच्यांनी सोडले नाही, आत्या, गरजेने सोडले. घरच्यांनी नंतर अभिमान बाळगला.

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना माझे उत्तर हे आहे. एका नटीवर तासभर बोलायचे, कारण आपल्या घरातल्या मुलीला तिच्या अंगच्या गुणासाठी सोडायला आपण गरज ओढवण्याची वाट पाहणार आहोत का, हा प्रश्न तिच्या आयुष्यातून उभा राहतो. येत्या संमेलनात कोणाची तरी लेक घरी येऊन सांगेल, "मला नाटकात काम दिलंय." तेव्हा त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय म्हणायचे, ते मी सांगणार नाही. माझ्या आत्याची गोष्ट मी सांगितली आहे, तेवढी त्यांनी आठवावी.